फुफ्फुसावरील शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

(नभोवाणीवरील भाषण)

१९३३ सालच्या एप्रिल महिन्याची ५ तारीख. अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं बार्न्स रुग्णालयांत डॉक्टर एव्हार्ट्‌स ग्रॅहॅम या नामांकित शस्त्रवैद्यांनीं एका रोग्याची छाती उघडली. रोगी स्वतः डॉक्टरच होता. जेम्स गिल्मोर हें त्याचें नांव; पिट्सबर्ग शहरीं प्रसूतितज्ज्ञ म्हणून व्यवसाय करणारा, ४८ वर्षांचा गृहस्थ. त्याच्या डाव्या फुफ्फुसांत कर्करोगाची गांठ झाली होती. फुफ्फुसाचा तेवढा एक खंड काढावा, असा ग्रॅहॅम यांचा मूळ बेत होता. परंतु एका खंडानें भागणार नाहीं, असें छाती उघडल्यावर दिसून आलें. तेव्हां त्यांनीं सबंध डावें फुफ्फुसच काढून टाकिलें. कर्करोगासाठीं एकाच वेळीं सबंध फुफ्फुस काढलें आणि रोगी त्यांतून वांचला, असें त्यापूर्वीं घडलें नव्हतें.

गिल्मोर नुसता वांचला एवढेंच नव्हे. रुग्णालयांत अनेक आठवडे काढून तो घरीं परतला, पुन्हां आपल्या व्यवसायास लागला, आणि एकाच फुफ्फुसावर सुमारे ३० वर्षें जगून १९६३ सालीं वारला. त्या एका दिवसाची हकीगत वैद्यकाच्या इतिहासांत मोठ्या अक्षरांनीं लिहिली गेली आहे. परंतु त्या दिवसानंतरचे जे शेंकडों लहान लहान दिवस, पहिल्यांदा उठून बसण्याचा, पहिल्यांदा जिना चढण्याचा, त्यांची हकीगत मात्र कोणी फारशी सांगत नाहीं. आजच्या भाषणाचा विषय ते दिवस हा आहे.

श्रोतेहो, फुफ्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया ही आतां जगावेगळी गोष्ट राहिलेली नाहीं. मुंबईस परळ भागांत १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत, तसेंच इतर मोठ्या शहरांतील रुग्णालयांतही ती नित्य होत असते. पुष्कळदां छाती मोठी न उघडतां, लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यारें आंत घालून ती करतां येते. रोग एका जागीं असतांनाच सांपडला, तर तो समूळ जाण्याची आशा शस्त्रक्रियेनें उत्पन्न होते. परंतु शस्त्रक्रिया कांहीं तासांची असते, आणि बरें होणें कांहीं महिन्यांचें असतें. पहिली गोष्ट डॉक्टरांच्या हातची. दुसरी बव्हंशीं रोग्याच्या आणि त्याच्या घरच्या मंडळींच्या हातची.

एखाद्या मध्यम स्थितींतील घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. घरांतील वडील गृहस्थ, त्यांना अण्णा म्हणावें, शस्त्रक्रिया होऊन आठ दिवसांनीं घरीं येतात. आंतल्या खोलींत पलंग तयार असतो. "अण्णा, तुम्ही मुळींच उठूं नका हं, काय लागेल तें आम्ही हातांत आणून देऊं," असें सून सांगते. वारा लागूं नये म्हणून मुलगा खिडक्या लावून घेतो. खोकल्यानें टांके तुटतील या धास्तीनें पत्नी त्यांना खोकूं देत नाहीं. हालचाल केली कीं अण्णांनाही दुखतें. म्हणून ते निमूटपणें पडून राहतात. सर्वांचें प्रेम खरें, काळजी खरी. आणि पांचव्या दिवशीं अण्णांना ताप भरतो, धाप लागते, व पुन्हां रुग्णालयाची गाडी बोलवावी लागते. डॉक्टर सांगतात, न्यूमोनिया झाला आहे. ज्या विश्रांतीनें बरें व्हावयाचें, तीच अण्णांना भोंवली.

आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला हलूं न देणें, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. विषमज्वरांत ती कदाचित् उपयोगी पडली असेल. फुफ्फुसावरील शस्त्रक्रियेनंतर मात्र ती घात करूं शकते. याचें कारण समजण्यास छातीची रचना थोडीशी ध्यानांत घेतली पाहिजे.

उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. रोग एका खंडांत मावलेला असेल तर बहुधा तेवढाच खंड, किंवा क्वचित् त्याचा भागच, काढतात. गांठ मध्यभागीं असेल तर सबंध फुफ्फुस काढावें लागतें. एक खंड गेला कीं उरलेले खंड हळूहळू फुगून ती जागा व्यापतात, आणि छाती व पोट यांमधील पडदाही थोडा वर सरकतो. सबंध फुफ्फुस काढलेल्या बाजूची पोकळी आठवडे-महिने लोटतां लोटतां पाझरलेल्या द्रवानें भरून येते. या काळांत कूस बदलतांना छातींत पाणी डुचमळल्यासारखा आवाज कांहीं रोग्यांस येतो. त्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. शरीर रिकामी जागा रिकामी ठेवीत नाहीं.

आतां उरलेलें फुफ्फुस फुगावयाचें, तर त्यांत हवा भरली गेली पाहिजे. लोहाराचा भाता अर्धवट दाबला तर विस्तव फुलत नाहीं. दुखतें म्हणून रोगी वरवरचा श्वास घेतो. त्यामुळें फुफ्फुसाच्या तळाशीं असलेल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या मिटून जातात, तेथें कफ सांचतो, आणि सांचलेल्या कफांत जंतु वाढतात. उताणें पडून राहिल्यानें हें अधिकच लवकर घडतें. म्हणून दीर्घ श्वास, मोकळा खोकला आणि चालणें, हीं तीन औषधें पहिल्या दिवसापासून घ्यावीं लागतात. तीं दुकानांत मिळत नाहींत, आणि तीं दुसऱ्या कोणालाही रोग्यासाठीं घेतां येत नाहींत.

शस्त्रक्रियेनंतर रोगी शुद्धीवर येतो तेव्हां त्याच्या अंगास चिकटलेल्या नळ्या पाहून भेटावयास आलेल्या मंडळींचा धीर सुटतो. पूर्वकल्पना असली तर तो सुटत नाहीं. नाकाशीं प्राणवायूची नळी असते, हातांत सलाईनची सुई असते, लघवीसाठीं एक नळी असते. सर्वांत महत्त्वाची नळी छातीच्या कुशींतून बाहेर येऊन एका बाटलींत गेलेली असते. छातींत राहिलेली हवा व रक्तमिश्रित पाणी बाहेर यावें, पण बाहेरची हवा आंत जाऊं नये, यासाठीं त्या नळीचें टोंक बाटलींतील पाण्यांत बुडविलेलें असतें. रोगी खोकला कीं त्या पाण्यांत बुडबुडे दिसतात. पहिल्या दिवसांत तें स्वाभाविक आहे. फुफ्फुसाची कापलेली कड भरून आली कीं बुडबुडे थांबतात, पाणी कमी होतें, आणि डॉक्टर नळी काढतात. कांहीं रोग्यांत हवा बरेच दिवस झिरपत राहते; मग मुक्काम लांबतो, इतकेंच. घरच्यांनीं एक नियम पाळावा: रोगी चालत असतांना बाटली नेहमीं छातीच्या खालच्या पातळीवर धरावी, कधींही वर उचलूं नये, आणि नळीस पीळ पडूं देऊं नये.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कधीं कधीं नाडी एकाएकीं जलद व अनियमित चालूं लागते. हृदयाच्या शेजारींच एवढी उलथापालथ झालेली असते; त्यामुळें हें पुष्कळ रोग्यांत, विशेषतः वयस्कांत, घडतें, आणि औषधानें बहुधा तें ताळ्यावर येतें. लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया झालेला, गुंतागुंत न झालेला रोगी बहुधा एका आठवड्याच्या आंत घरीं जातो. मोठी छाती उघडलेल्यांस अधिक दिवस लागतात.

वेदनेविषयीं आपल्याकडे एक विचित्र शौर्य रूढ आहे. सोसेल तेवढें सोसावें, औषध टाळावें, असें मोठ्या माणसांस वाटतें. येथें तें शौर्य कामाचें नाहीं. दोन बरगड्यांच्या मधून छातींत शिरावें लागतें, आणि प्रत्येक बरगडीच्या खालून एक मज्जातंतु जात असतो; म्हणून ही वेदना तीव्र असते. ती आवरली नाहीं तर रोगी खोल श्वास घेत नाहीं, खोकत नाहीं, चालत नाहीं; आणि मग वर सांगितलेलें सर्व अनर्थाचें चक्र सुरू होतें. यासाठीं वेदनाशामक औषध असह्य होण्याची वाट न पाहतां, डॉक्टरांनीं सांगितलेल्या ठराविक वेळीं घ्यावें. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधीं घेतलेली गोळी सर्वांत अधिक फळ देते. जोरदार वेदनाशामकांनीं मलावरोध होतो. त्यासाठीं पाणी, भाजी, फळें आणि जरूर तर सौम्य सारक यांची योजना आधींच करावी. मनानें दुकानांतून दुसऱ्या गोळ्या आणून घेऊं नयेत.

श्वासाचा व्यायाम शिकविण्यासाठीं रुग्णालयांत एक लहानसें यंत्र देतात. तीन पारदर्शक नळकांड्यांत तीन रंगीत गोळ्या असतात. नळी तोंडांत धरून श्वास आंत ओढला कीं त्या वर चढतात. पुष्कळ जण त्यांत फुंकर मारतात. तें चुकीचें आहे. श्वास आंत ओढावयाचा, सावकाश, आणि गोळ्या वर असतां कांहीं क्षण धरून ठेवावयाचा. जागेपणीं दर तासास दहा वेळां, असा साधारण नेम असतो. पहिल्या दिवशीं एकच गोळी कशीबशी हलेल. शाळेंत नव्यानें घातलेल्या मुलाच्या पाटीवर पहिल्या दिवशीं 'अ' वांकडाच उमटतो. म्हणून कोणी पाटी फोडीत नाहीं. आठ दिवसांपूर्वीं किती गोळ्या चढत होत्या, याची नोंद एका वहींत ठेवली तर रोग्याला स्वतःचीच प्रगति डोळ्यांनीं दिसते.

खोकतांना एक घडी केलेली उशी किंवा चादर जखमेवर दोन्ही हातांनीं घट्ट दाबून धरावी, पुढें थोडें वांकावें, आणि मग खोकावें. टांके त्यानें तुटत नाहींत. प्रारंभीं कफांत थोडें काळसर रक्त दिसणें शक्य आहे. तें दिवसेंदिवस कमी झालें पाहिजे. कोरडा खोकला मात्र कित्येक आठवडे, कधीं कधीं महिने, टिकतो. बोलतांना, हंसतांना, अंथरुणावर आडवें होतांना तो उसळतो. रोग उलटला कीं काय, अशी शंका प्रत्येकाच्या मनांत त्या वेळीं येऊन जाते. बहुधा तो छातीच्या बदललेल्या रचनेचा परिणाम असतो. तथापि तो वाढूं लागला तर डॉक्टरांस दाखवावें.

रोग्याला शक्य तर दुसऱ्याच दिवशीं खुर्चींत बसवितात व चार पावलें चालवितात. हें पाहून नातेवाइकांस रुग्णालय निर्दय वाटतें. परंतु चालण्यानें श्वास खोल होतो, कफ सुटतो, आणि पायांतील शिरांत रक्त गोठत नाहीं. असें गोठलेलें रक्त फुफ्फुसांत जाऊन अडकणें हा मोठा धोका असतो, आणि तो टाळण्याचा सोपा मार्ग पाय हलविणें हाच आहे. घरीं आल्यावर पहिल्या आठवड्यांत दिवसांतून चार-पांच वेळां, पांच-पांच मिनिटें, सपाट जमिनीवर चालावें. पुढें दर दोन-तीन दिवसांनीं एक-दोन मिनिटें वाढवावींत. चालतांना एखादें वाक्य बोलतां येईल इतपतच धाप लागावी; शब्द तुटूं लागले तर थांबून उभ्या उभ्या विसांवा घ्यावा. जिना चढण्यास बंदी नाहीं. एक पायरी, एक श्वास, आणि मध्यें थांबण्यांत लाज नाहीं.

यावरून विश्रांती नकोच, असा अर्थ कोणी घेऊं नये. थकवा हा या दिवसांतला सर्वांत हट्टी पाहुणा असतो. स्नान करून आलेल्या माणसाला दाढी करण्याचें त्राण राहत नाहीं. दुपारची तास-दीड तासाची झोंप हवीच. चालणें, मग विसांवा. व्यायाम, मग विसांवा. अशी दिवसाची आंखणी करावी. आणि प्रगति सरळ रेषेंत होत नाहीं, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. सोमवारीं रोगी चौकापर्यंत जाऊन येतो, आणि मंगळवारीं त्याला अंगणही ओलांडवत नाहीं. त्या मंगळवारीं तो खचतो, आणि घरही खचतें. दुखणें हत्तीच्या पावलांनीं येतें आणि मुंगीच्या पावलांनीं जातें, असें आपल्या म्हाताऱ्या माणसांनीं म्हणून ठेवलें आहे. मुंगी कधीं मागेंही वळते. मोजमाप करावयाचें तर कालच्या दिवसाशीं न करतां गेल्या आठवड्याशीं करावें. साधारणपणें लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया झालेला मनुष्य महिन्या-दीड महिन्यांत बैठ्या कामावर जाऊं शकतो. छाती मोठी उघडली असेल तर दोन-तीन महिने लागतात. सबंध फुफ्फुस काढलेल्यास त्याहूनही अधिक. एकच खंड गेला असेल, तर कमी झालेली श्वासाची शक्ति पुढील कांहीं महिन्यांत बरीचशी भरून निघते.

घरांतील बारीकसारीक गोष्टींचाही विचार अवश्य आहे. पहिले सहा आठवडे पांच किलोंहून जड वस्तु उचलूं नये. भरलेली बादली, गॅसची टाकी, बाजाराची पिशवी, आणि धांवत येऊन बिलगणारें नातवंड, हीं सर्व या नियमांत येतात. नातवंडाला मांडीवर घ्यावयाचें असेल तर आजोबांनीं बसून राहावें व दुसऱ्यानें तें त्यांच्याजवळ द्यावें. दुचाकी व मोटार हांकणें डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावरच. तीव्र वेदनाशामकें चालू असतां तर मुळींच नाहीं. विमानाचा प्रवासही त्यांना विचारूनच ठरवावा. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात पुष्कळ जण भीतीनें अंगाशीं चिकटवून ठेवतात, आणि खांदा आखडून बसतो. दिवसांतून तीन-चार वेळां खांदे गोल फिरवावे, भिंतीवर बोटें चालवीत हात वर न्यावा, सदऱ्यांत हात स्वतःच घालावा. निजतांना डोकें व पाठ उशांनीं उंच ठेवली तर श्वासास सोपें जातें. सबंध फुफ्फुस काढलेल्यांनीं कोणत्या कुशीवर निजावें हें डॉक्टरांस विचारून घ्यावें.

जखम वरून सुकली तरी आंतील मज्जातंतु सावकाश सुधारतात. छातीच्या पुढच्या बाजूस, स्तनाखालीं, बधिरपणा येणें, मुंग्या येणें, आग होणें, सदऱ्याचा स्पर्शही नकोसा वाटणें, हें सर्व घडतें. हें महिनोन्‌महिने राहूं शकतें. कांहींच्या बाबतींत ती वेदना फार दिवस मागें लागते. अशांनीं 'आतां सोसलेंच पाहिजे' असें न समजतां डॉक्टरांस सांगावें. मज्जातंतूंच्या वेदनेवर वेगळीं औषधें असतात, आणि त्यांचा उपयोग होतो.

पथ्याच्या नांवाखालीं रोग्याची उपासमार करूं नये. दहीं थंड, केळें कफकर, डाळ जड, असें म्हणत म्हणत शेवटीं ताटांत मऊ भात आणि वरणाचें पाणी एवढेंच उरतें. जखम भरण्यास व स्नायू उभे राहण्यास प्रथिनें हवीं असतात. दूध, दहीं, डाळी, उसळी, आणि चालत असेल त्या घरीं अंडीं, मासे, यांतून तीं मिळतात. भूक मंदावलेली असते व पोट भरलें कीं श्वास अडतो. म्हणून थोडें थोडें पांच-सहा वेळां द्यावें. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर अर्थात् आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानें.

घरांतील हवेकडे तितकेंच लक्ष हवें. उदबत्ती, धूप, फोडणीचा खाट, डांस मारण्याची धुराची वडी आणि दिवाळींतील फटाके, यांचा धूर रोग्याच्या खोलींत येऊं देऊं नये. खिडक्या उघड्या असाव्यात. समाचारास येणाऱ्यांचा लोंढा हा एक निराळाच उपद्रव. ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांनीं प्रेमापोटीं घरींच राहावें. बाकीच्यांनीं दहा मिनिटांत उठावें, आणि 'अमक्यालाही हेंच झालें होतें' या वाक्यानें सुरू होणारी गोष्ट सांगूं नये.

कोणतीं लक्षणें साधीं व कोणतीं गंभीर, हें घरांत निदान दोघांना ठाऊक असावें. नळी काढलेल्या जागेंतून थोडे दिवस पातळ पाणी झिरपणें साधें आहे. जखम लाल होणें, सुजणें, पू येणें साधें नाहीं. ताप १००.४ अंशांवर गेला, कफ हिरवा-पिवळा व दुर्गंधी झाला, एका पायाची पोटरी सुजून दुखूं लागली, किंवा आवाज बसून पाणी पितांना ठसका लागूं लागला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. एकाएकीं धाप लागली, छातींत कळ आली, ओंठ निळसर दिसले, किंवा तोंडावाटे ताजें रक्त पडलें, तर क्षणभरही न थांबतां १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. ज्यांचें सबंध फुफ्फुस काढलेलें आहे त्यांना एकाएकीं तोंडभर पातळ, तांबूस पाणी खोकल्यावाटे येऊं लागलें, तर त्यांना शस्त्रक्रिया झालेल्या कुशीवर वळवून निजवावें व तसेंच तातडीनें रुग्णालयांत न्यावें. उरलेल्या चांगल्या फुफ्फुसांत तें पाणी जाऊं नये, हा त्यांतील हेतु.

आतां एका नाजूक गोष्टीविषयीं. आपल्या पुष्कळ घरांत रोग्याला त्याच्या रोगाचें नांव सांगत नाहींत. 'गांठ होती, ती काढली,' एवढेंच सांगून मंडळी कुजबुजत राहतात. ही रीत केवळ आपलीच आहे असें नव्हे. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचें डावें फुफ्फुस २३ सप्टेंबर १९५१ रोजीं बकिंगहॅम राजवाड्यांतच शस्त्रक्रियेची खोली सिद्ध करून काढण्यांत आलें. फुफ्फुसाच्या रचनेंत बदल झाला आहे, एवढेंच प्रजेला कळविलें गेलें. कर्करोग हा शब्द खुद्द राजांनाही सांगितला नाहीं. ३१ जानेवारी १९५२ रोजीं कन्येला निरोप देण्यास ते लंडनच्या विमानतळावर उभे राहिले, आणि ६ फेब्रुवारीला झोंपेंतच त्यांचा अंत झाला. त्या काळच्या डॉक्टरांनीं तें दयाबुद्धीनेंच केलें असेल. परंतु ज्याला आपण कशांतून उठलों हें ठाऊक नाहीं, त्यानें दर तासाला दहा वेळां दुखरी छाती कां म्हणून फुगवावी? विडी कायमची कां सोडावी? पुढील तपासण्यांस कां जावें? शिवाय रोगी बहुधा सर्व ओळखून असतो. तोही घरच्यांसाठीं न कळल्याचें सोंग करतो, आणि एकाच घरांत दोन एकान्तवास सुरू होतात. सत्य सांगावें, त्याला झेपेल तितकें, त्याच्या गतीनें, आणि डॉक्टरांच्या साह्यानें. त्यानंतर येणारा विषाद, रडूं, चिडचिड, झोंप न लागणें, यांना दुबळेपणा समजूं नये. दोन-तीन आठवड्यांत तें ओसरलें नाहीं, तर त्याचाही उपचार आहे आणि तो करून घ्यावा.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनीं काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल येतो. गांठ केवढी होती, कडा स्वच्छ होत्या कीं नाहीं, शेजारच्या लसिका-ग्रंथींत रोग पोंचला होता काय, हें त्यावरून कळतें. त्यावरून पुढें औषधोपचार हवा कीं नको तें ठरतें. हवा असें ठरलें, तर 'शस्त्रक्रिया फसली' असा त्याचा अर्थ नव्हे. डोळ्यांना न दिसणारे अवशेष नाहींसे करण्याचा तो उपाय असतो. पुढेंही पहिलीं दोन वर्षें बहुधा दर सहा महिन्यांनीं, आणि नंतर वर्षांतून एकदां छातीचें सी. टी. चित्र काढून घ्यावें लागतें. त्या प्रत्येक वेळीं आदल्या रात्रीं घरांत कोणाला नीट झोंप येत नाहीं. वर्षें लोटतात तशी ती रात्र थोडी थोडी सोपी होत जाते.

तंबाखूविषयीं दोन शब्द. विडी-सिगारेट कधींही न ओढलेल्या माणसांस, विशेषतः स्त्रियांसही, हा रोग होतो. म्हणून रोग्याला दोष देत बसणें अन्यायाचें आहे. पण जे ओढीत होते त्यांनीं शस्त्रक्रियेनंतर ती सोडली तर आयुष्य वाढतें, हें सिद्ध आहे. आणि घरांतील इतरांनींही ती सोडली तर त्यांना सोडणें सोपें जातें. याबाबतींत सेंट लुईच्या त्या शस्त्रवैद्यांची उरलेली हकीगत ऐकण्याजोगी आहे. ग्रॅहॅम स्वतः सिगारेट ओढीत असत, आणि तिचा या रोगाशीं संबंध असेल असें त्यांना आरंभीं पटत नव्हतें. पुढें अर्न्स्ट विंडर या तरुण विद्यार्थ्याबरोबर त्यांनींच ६८४ रोग्यांची माहिती १९५० सालीं प्रसिद्ध केली, आणि तीवरून तो संबंध जगापुढें आला. मग त्यांनीं सिगारेट सोडली. परंतु फार उशीर झाला होता. १९५७ सालीं ते फुफ्फुसाच्याच कर्करोगानें वारले. त्यांनीं ज्याचें सबंध फुफ्फुस काढलें, तो गिल्मोर त्यांच्या मागें सहा वर्षें जगला.

आतां पुन्हां अण्णांच्या घरीं जावें. समजा, तेच घर आहे, तोच पलंग आहे, माणसेंही तींच आहेत. फक्त त्यांना हें सर्व आधीं कोणी समजावून सांगितलें आहे. खिडक्या उघड्या आहेत. उशाशीं तीन गोळ्यांचें यंत्र आहे आणि शेजारीं वही. पत्नी खोकण्याच्या वेळीं घडी केलेली चादर हातांत देते. मुलगा सकाळची गोळी वेळेवर देऊन अर्ध्या तासानें वडिलांच्या चपला पलंगाशीं आणून ठेवतो. आणि सून दारांत उभी राहून म्हणते, "चला अण्णा, काल जिन्यापर्यंत गेलों होतों. आज गॅलरीच्या टोंकापर्यंत जाऊन येऊं. दमलांत तर तेथें खुर्ची ठेवली आहे."